दादाच्या चपला

आमच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की पहिलं काम ठरलेलं असायचं. दारातल्या दादाच्या चपला उचलायच्या. मग आई चहाचं आधण ठेवायची, मी पलंगावरची चादर बदलायची आणि दादाला शेजारच्यांच्या गच्चीवर पाठवलं जायचं. वारज्यात आमच्या दोन खोल्या. अण्णा पालिकेच्या सफाई खात्यात, आई सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला. दोन खोल्यांत माणूस लपवणं अवघड, चपला लपवणं सोपं. दारात चपला नाहीत म्हणजे घरात माणूस नाही... असं आम्ही आपलं मानून चाललो होतो. दादा जाऊन आता महिना उलटला, आणि मला दुसरं काही आठवायच्या आधी त्या चपलाच आठवतात.

विलास, माझा थोरला भाऊ. गॅरेजमध्ये कामाला होता. बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पुढे त्याला दुसरेच आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी सारखं शिव्या देतंय, म्हणायचा. ते आवाज दाबायला तो प्यायला लागला. आवाज थांबले नाहीत आणि दारूही सुटेना. ज्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची, त्या घरात आईनं एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून अंगारा आणला, आणि अण्णांना दिसू नये म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवला. लपवायची आम्हाला सवयच लागली होती. मी त्या घरातली पहिली पदवीधर. मेसच्या मागच्या ओट्यावर, पिठाच्या पोत्याला टेकून अभ्यास करून मी बी.कॉम. झाले. हे मी मान वर करून सांगते, कारण ते मी कमावलं आहे. पण त्या पदवीमागोमाग घरात एक भीतीही आली. आत्ता कुठं चार लोक आपल्याला विचारायला लागलेत, आणि त्यात हा.

मला बघायला पाहुणे आले तो दिवस उन्हाळ्याचा होता. दादा गच्चीवर, चपला कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे. पाहुण्यांना भाऊ सुरतला असतो असं सांगितलं. पोहे झाले, पसंती झाली, पाहुणे हसत गेले. गच्चीवर बघतो तर दादा नव्हता. तो मधेच खाली उतरला होता, दारात चपला दिसल्या नाहीत, म्हणून तसाच अनवाणी निघून गेला होता. आम्ही आधी गुत्ते पाहिले, मग नातेवाईक. पोलिसांत जायचं धाडस अण्णांना झालं नाही. लग्न नुकतं जमलं होतं. बऱ्याच दिवसांनी खात्यातल्या कुणीतरी अण्णांना सांगितलं, पालिकेच्या दवाखान्यात तुमच्या विलाससारखा एक जण पडलाय.

तो हायवेच्या कडेला पडलेला सापडला होता. तळपाय फोडांनी सोलवटलेले. दवाखान्यात त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, अण्णांचं सांगितलं, पत्ताही बरोबर सांगितला. कुणी खरं मानलं नाही. अनवाणी, दारूचा वास, आणि म्हणतो बहीण पदवीधर आहे! त्याच्या कागदावर ‘बेवारस’ असं लिहिलं होतं. आम्ही कॉटजवळ उभे राहिलो तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, “हे किती पितात? घरात मारहाण करतात का?”

कॉटवरून दादा म्हणाला, “मला विचारा की. मी इथंच आहे.”

मी म्हटलं, “गप रे.”

औषधं लागू पडायला वेळ लागला. तो दारू सोडायचा, परत धरायचा, परत सोडायचा. पण बरा असेल त्या प्रत्येक सकाळी तो त्याच दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसायला लागला. कुणाला पोलिसांनी आणून टाकलेलं असायचं, कुणाला घरच्यांनीच सोडून दिलेलं. दादा त्याच्याशेजारी बसून आधी नाव विचारायचा, आणि सांगितलं ते नाव खरं धरायचा. मग केसपेपर काढून द्यायचा, घर शोधायचा, वॉर्डातून हाकललं तर परत जायचा. तिथूनच त्याच्या डोक्यात बसलं की हे काम एखाद्या विलासच्या भरवशावर नको. मानसिक आजाराच्या आणि व्यसनाच्या माणसांच्या बाजूनं बोलणारा एक माणूस दवाखान्यातच हवा, नेमलेला, पगारी. अर्ज घेऊन तो पालिकेत फिरला. एका साहेबांनी चष्मा कपाळावर चढवत त्याला विचारलं होतं, “अहो, वेड्यांना कशाला हवाय वकील? इथं शहाण्यांचं कुणी ऐकत नाही.”

“म्हणूनच म्हणतो साहेब,” दादा म्हणाला, “तुमच्यासाठी पण उपयोगी पडेल.”

माझं तोवर लग्न होऊन मी हिंजवडीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये लागले होते. सासरी दादा अजून सुरतलाच होता. तोही फोन करायचा तो, “हॅलो, सुरतहून विलास बोलतोय. इकडं पाऊस नाही बाई,” असाच सुरू करायचा. मी हसायचे. हसून झालं की मला कसंतरी व्हायचं.

शेवटी पालिकेच्या समितीनं त्याला म्हणणं मांडायला बोलावलं. निवेदन मी लिहून दिलं. ‘सदर रुग्णांच्या हितसंबंधांचे रक्षण’ वगैरे, चांगलं भारदस्त. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “झकास लिहिलंस. पण यात मी कुठाय?” त्या दिवशी मी रजा टाकून गेले, दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसले. दादानं माझा कागद घडी करून खिशात ठेवला आणि चपलांची गोष्ट सांगितली. कपाट, सुटकेस, गच्ची, हायवे, सगळं. आई मान खाली घालून पुटपुटत होती, “घरातलं वेशीला टांगलं रे...” गोष्ट संपली. मग अध्यक्ष बाईंनी विचारलं, “तुमची ती बहीण आली आहे का आज? तिचंही ऐकायला आवडेल आम्हाला.”

पत्रकार बसले होते. कॅमेरे होते. दादानं माझ्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं. मग तो म्हणाला, “नाही मॅडम. तिला सुट्टी नसते.”

मी बसून राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना अजून कान तापतात. मी इथंच आहे, एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. माझ्या भावाला ते फाटक्या तळपायांनी, कॉटवर पडून म्हणता आले होते. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलू लागले, तर तो म्हणाला, “चल, चहा घेऊ. आईला उन्हाचं चालवत नाही.”

पद मंजूर व्हायला पुढे बराच काळ गेला. झालं तेव्हा अट आली, उमेदवार पदवीधर हवा. दादा दहावी नापास. मला फार लागलं ते. तो मात्र खो खो हसला. “तुझ्यासारखं कुणीतरी पाहिजे त्यांना. शिकलेल्याचं ऐकतात.” शबाना नावाची मुलगी नेमली गेली. दादानं तिला बाकावर बसवून सगळं काम शिकवलं आणि स्वतः त्याच बाकावर बसत राहिला.

जायच्या थोडे दिवस आधी तो माझ्या फ्लॅटवर आला होता, पहिल्यांदाच. आईनं मेथी निवडून दिली होती, ती घेऊन. घरात मी एकटीच होते. दारात त्यानं चपला काढल्या, खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, चपला तिच्यात घातल्या आणि पिशवी हातात घेऊन आत आला. “अरे, ठेव की बाहेरच,” मी म्हटलं. “असू दे गं,” तो म्हणाला, “सवय.” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं... चहा पिऊन होईपर्यंत ती पिशवी त्याच्या गुडघ्याशी होती.

पुढे शबानाचाच फोन आला. दादाला बाकावरच घाम फुटला, आत नेईपर्यंत संपलं होतं. मी पोहोचले तेव्हा ती कागद घेऊन उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी तिनं रीतीप्रमाणे विचारलं, “ताई, नातं काय लिहू?” “सख्खी बहीण,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ऐकायला तो नव्हता. तिनं त्याच्या चपला माझ्या हातात दिल्या, पिशवी नव्हती.

त्या आता माझ्या दारात आहेत, सगळ्यांच्या चपलांमध्ये. सासूबाईंनी विचारलं, “या कुणाच्या गं?” मी सांगितलं, माझ्या भावाच्या, आणि तो सुरतला कधीच नव्हता. त्यांनी वाकून एक चप्पल उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “पुसून तरी ठेव. धूळ बसलीय.”

त्या दवाखान्यात आता मानसिक आजाराच्या आणि व्यसनाच्या रुग्णांच्या बाजूनं बोलणारं माणूस आहे. पालिकेच्या पगारावर आहे, दाराशी त्याचं टेबल आहे, टेबलाखाली अनवाणी येणाऱ्यांसाठी रबरी चपलांचे जोड आहेत. नाव-पत्ता आधी रुग्णालाच विचारायचा आणि चौकशी केल्याशिवाय ‘बेवारस’ लिहायचं नाही, असा तिथे आता नियम आहे.