जपानी चित्रातलं गुलाबी आकाश

इथे आयर्लंडमध्ये, सँट्रीत, आमच्या शेजारच्या आयरिश आजी गेल्या वर्षी वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जाताना त्यांनी आम्हाला एक जुनं जपानी चित्र दिलं. लाकडी ठशांनी छापलेलं तळं, एक होडी आणि वर मावळतीचं गुलाबी आकाश. लग्नानंतर जपानला गेल्यावर त्यांनी आणि नवऱ्याने दोघांनी मिळून ते निवडलं होतं. त्यांच्याकडे ते जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर असायचं. ‘तुम्हीही तसंच लावा,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. कुणी मनापासून दिलेली वस्तू आपण जिन्यात टांगतो का? मी ती पुढच्या खोलीत, खिडकीसमोर लावली. नवरा म्हणाला, ‘अगं, ऊन लागेल.’ मी हसले. पुण्याचं ऊन खाल्लेल्या बाईला आयर्लंडच्या उन्हाची कसली भीती. गणपतीला आलेल्या प्रत्येकाला चित्र दाखवलं, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले.

रोज बघत असल्यामुळे मला काहीच कळलं नाही. परवा आजींना चहाला घरी आणलं. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे मलाही दिसलं, आकाश पांढरंफटक पडलं होतं.

‘मला ते गुलाबी आठवत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘डोकं चालत नाही आता माझं. असू दे, ग्रँड दिसतंय.’

मी स्वयंपाकघरात पळाले. नवरा मागोमाग आला. ‘सांग त्यांना.’

‘तू आधी प्रेसमधून कप काढ,’ मी कपाटाकडे बोट दाखवून खेकसले.

चहा पिताना आजी म्हणाल्या, हल्ली नवऱ्याचा चेहराही नीट आठवत नाही, मग आकाशाचं काय घेऊन बसलात. आता मात्र मला माझीच लाज वाटली. मी फोनवर गणपतीतला फोटो शोधून त्यांच्या हातात दिला. ‘आकाश गुलाबीच होतं. मी उन्हात लावलं, म्हणून रंग उडाला.’

रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्या हसल्या, अगदी मोकळ्या. ‘म्हणजे मला बरोबर आठवत होतं.’

मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. गुलाबी रंग माझ्या डोक्यावर जेमतेम बोटभर दिसत होता. उरलेल्या आकाशापुढे जरीची साडी नेसून मी उभी होते, आणि आजी स्क्रीनवर बोट फिरवून मला बाजूला सारायला बघत होत्या.