भरवशाची गाडी

आमची पहिली गाडी सेकंडहँड होती. विक्रोळीच्या सिग्नलला ती बंद पडली तेव्हा बायको मागच्या सीटवर आडवी होती आणि तिच्या पोटात दुखत होतं. पाचवा महिना चालू होता. मी चावी फिरवत राहिलो, गाडी नुसती खाकरत राहिली, मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी दोघातिघांनी ढकलून ती कडेला लावून दिली आणि आम्ही रिक्षाने घाटकोपरच्या हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. बाळाचे ठोके आदल्या दिवशीच थांबले असावेत, म्हणाल्या. तुम्ही लवकर आला असतात तरी काही फरक पडला नसता, हेही त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मला ते समजलं. पटलं नाही.

ती गाडी मी विकून टाकली. विकत घेणाऱ्याकडे नीट बघितलंही नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी सगळं ठीक चाललं होतं, पण सोनोग्राफीत कळलं की वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे, बाळाच्या वाटेतच. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. "आराम करा, जिने चढू नका," त्या बायकोला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "रक्त जायला लागलं तर वाट बघत बसायचं नाही. दुखत नसलं तरी लगेच निघायचं."

आम्ही राहतो मुलुंडला, घाटकोपरपासून बरंच लांब. 'लगेच निघायचं' हे शब्द मी हॉस्पिटलातूनच डोक्यात घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या शोधायला लागलो.

मला रंग नको होता, मोठी डिकी नको होती, मायलेजही नको होतं. मला एवढंच पाहिजे होतं की गाडी बंद पडता कामा नये. ऑफिसातला माझा मित्र पक्का देशी गाडीवाला. तो म्हणायचा, "पत्रा बघ ना यार, रणगाडा आहे. आणि कुठेही अडकलास तरी मेकॅनिक मिळतो." मी म्हणायचो, "मला अडकायचंच नाहीये." माझा मेव्हणा जपानी इंजिनाचं नाव काढलं की हात जोडायचा. "भावोजी, ते इंजिन मरत नाही. गाडी सडेल, इंजिन चालू राहील." तिसरा कोणी कोरियन गाडीची बाजू घ्यायचा, तर कोणी सांगायचा की युरोपियन गाडी हायवेला जमिनीला चिकटून पळते, फक्त एकदा काही बिघडलं की पार्ट येईपर्यंत बसून राहा. 'बसून राहा' ऐकलं की माझ्या लेखी तो ब्रँड संपला.

रात्रंदिवस मोबाइलवर तेच. एकाने आपली गाडी लाखभर किलोमीटर पळवली आणि फक्त तेल बदललं, असा व्हिडिओ बघून मला बरं वाटायचं. मग खाली कोणीतरी लिहिलेलं असायचं की माझी तर सहा महिन्यांत भर रस्त्यात बंद पडली. हजार लोकांचं चांगलं मत त्या एका माणसापुढे टिकायचं नाही. मला वाटायचं, हा माणूस म्हणजे मीच होणार आहे. मॉलच्या पार्किंगमध्ये मी अनोळखी लोकांना थांबवून विचारायला लागलो. एका गृहस्थांनी काच खाली करून माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगली आहे हो. पण तुम्ही इतके घाबरलेले का दिसताय?" मी सॉरी म्हणून निघालो.

आई आमच्याकडेच होती. ती मूळची मालवणकडची, मुंबईत जन्म गेला तरी घरात बोली तीच. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "इतको कसलो भरवसो शोधतंस रे? भरवशाच्या म्हशीक टोणगो." आणि सुनेकडे लक्ष गेलं तशी देठ आणि पानं एकातच टाकत राहिली.

बायको पलंगावर उशीला टेकून बसलेली. आई आत गेल्यावर म्हणाली, "तू किती दिवस गाड्यांबद्दलच बोलतोयस. माझं विचार ना काहीतरी."

"काय विचारू?"

"मला कशाची भीती वाटते ते."

"कशाची वाटते?"

"मला वाटतं, मी झोपलेली असेन, रक्त जायला लागेल आणि मला कळणारच नाही. दुखत नाही ना त्यात. म्हणून मी जागीच असते. तू घोरत असतोस तेव्हा मी चादर चाचपून बघते."

मला हे माहीत नव्हतं. बाजूला झोपत होतो आणि माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. तोंडातून निघालं ते असं: "गाडी या आठवड्यात फायनल करतो." तिने हात काढून घेतला नाही, पण मान फिरवली.

शेवटी जपानी घेतली. ऑटोमॅटिक, पांढरी. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. रोज ऑफिसला निघताना बटण दाबलं की ती आवाजही न करता चालू व्हायची, पण तरी मी ती एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघायचो. त्यात एक दिवस डॅशबोर्डमधून बारीक टकटक ऐकू आली. सर्व्हिस सेंटरवाल्याने माझ्याबरोबर एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, काही नाही, कप्प्यात तुमचा चष्मा आहे."

आठवा महिना लागला होता. शनिवार, दुपारची जेवणं झालेली. बायकोने बाथरूममधून हाक मारली, अगदी हलक्या आवाजात. "इकडे ये. घाबरू नकोस." दार ढकललं तर पायाखालची फरशी लाल झाली होती आणि ती भिंतीला धरून उभी होती.

आईने टॉवेल आणले, चादर आणली. लिफ्टमधून खाली, मागच्या सीटवर तिला आडवं केलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मोबाइलवर हायवे लालभडक दिसत होता, काहीतरी अपघात झाला होता. म्हणून मी एल.बी.एस. मार्ग धरला. नाहूरपर्यंत बरं होतं. भांडुपला मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले, रस्ता अर्धा झाला आणि सगळं थांबलं.

पुढे बस, बाजूला टेम्पो, मागे रिक्षांची रांग. गाडीत एसी गार होता, इंजिन शांत होतं, कुठला दिवा पेटलेला नव्हता. तिच्यात काही म्हणजे काही बिघाड नव्हता आणि ती जागची हलत नव्हती. मी हॉर्न दाबून धरला. मग उतरून पुढच्या बसवाल्याला ओरडून आलो. त्याने नुसते दोन्ही हात वर केले. परत येऊन बसलो आणि पुन्हा हॉर्नवर हात ठेवला.

"ऐक," मागून बायको म्हणाली. आवाज बारीक होता पण ठाम. "डावीकडे घे. स्टेशनच्या रस्त्याला एक नर्सिंग होम आहे. माझ्या मावसबहिणीची दोन्ही बाळंतपणं तिथे झाली."

"अगं, पण आपली फाइल घाटकोपरला आहे. डॉक्टर तिथे आहेत."

"फाइल राहू दे रे. मी इथे आहे."

आई म्हणाली, "ती सांगता तसा कर."

मी गाडी फुटपाथला घासत डावीकडे घातली. नर्सिंग होम पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वॉचमन आणि मी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. तिथल्या डॉक्टर साठीच्या असतील. त्यांनी एकदाच बघितलं, सलाइन लावायला सांगितलं आणि मला बाहेर घेऊन आल्या. "पुढे पाठवण्यात अर्थ नाही. इथेच सिझेरियन करते. भूल देणारे निघालेत. तुम्ही ही चिठ्ठी घ्या आणि मुलुंडच्या ब्लड बँकेतून रक्त आणा. मी तोवर थांबणार नाही, सुरू करणार."

खाली आलो तर माझ्या गाडीपुढे टेम्पो उभा आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. मी तिथेच गोल फिरायला लागलो, एकदा टेम्पोकडे, एकदा जिन्याकडे. तेवढ्यात जिन्यात बसलेला एक माणूस उठला. त्याची बहीण तिथे बाळंत झाली होती. "ब्लड पाहिजे ना? चल, स्कूटर आहे माझी."

स्कूटर दोन किकला चालू झाली नाही. तिसऱ्या किकला झाली. पत्र्यांच्या फटीतून, गल्ल्यांतून, एका बाजारातून तो मला घेऊन गेला. परत येताना मी थर्माकोलचा डबा छातीशी धरला होता आणि त्याच्या पाठीला डोकं टेकवलं होतं. लाज वगैरे काही वाटत नव्हती. मध्येच तो म्हणाला, "बोलत राहा, नाहीतर भोवळ येईल." मी काय बोललो आठवत नाही.

वर पोचलो तेव्हा आई ऑपरेशनच्या दाराशी उभी होती. मला बघून तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गेलं सगळं. मग ती म्हणाली, "चेडू झाला. रडला. मिया ऐकलंय." मुलगी झाली होती. आणि बायको? तिला मी आणलेलं रक्त चढवायला घेतलं आणि तासाभराने डॉक्टर मास्क खाली करत बाहेर आल्या, म्हणाल्या, आता धोका नाही.

मुलगी फार लहान होती. तिला काचेच्या पेटीत ठेवून घाटकोपरला न्यावं लागलं, मेव्हणा बरोबर गेला. पुढचे दिवस बायको भांडुपला आणि मुलगी घाटकोपरला. मी दुधाची छोटी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून सकाळ-संध्याकाळ जायचो. गाडी एकदाही अडली नाही. मी तिचं कौतुक करायचं विसरून गेलो होतो. पेटीतल्या मुलीची छाती वरखाली होते की नाही, एवढंच डोक्यात असायचं. नर्स म्हणायची, "अहो, मशीन बघतंय ना." मी म्हणायचो, "हो," आणि काचेला नाक लावून उभा राहायचो.

एकदा दूध घेऊन निघताना बायकोला विचारलं, "झोप लागते का गं आता?"

ती म्हणाली, "नाही. आता तिची भीती वाटते."

"मलाही."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि थोडी सरकून मला पलंगावर जागा दिली. मी दूध हातात धरून जरा वेळ बसलो.

मुलीला घरी आणलं त्या दिवशी गाडी मेव्हण्याने चालवली. मी मागे बसलो होतो, आम्हा दोघांच्या मध्ये ती, दुपट्यात गुंडाळलेली. त्याने उत्साहाने विचारलं, "काय भावोजी, मी म्हटलं नव्हतं, इंजिन कसं लोण्यासारखं आहे?"

मी त्याला एसीचा पंखा कमी करायला सांगितला. त्या आवाजात तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता.