हट, बयताडा

सिंदी मेघेच्या चंद्रभानची वांगी वर्ध्याच्या बाजारात हातोहात खपत. त्याचा मुलगा लहानू मात्र तिशी गाठूनही त्या भाजीच्या वाडीत टोपल्या उचलण्यापुरताच होता. म्हाताऱ्याने त्याला मोटेचा कासरा कधी धरूच दिला नाही. लहानूने हात घातला रे घातला की विहिरीवरून आवाज यायचा, "हट, बयताडा!" आणि त्या खुळ्याला बाजूला सारून म्हातारा स्वतः बैल हाकायचा. पोरगा चुकू नये म्हणून त्याला काही करूच द्यायचे नाही, असली ती माया. माया होती हे खरेच. दुसऱ्याच्या पोराला चंद्रभान कधी अर्ध्या शब्दाने बोलला नाही.

चोपन्नच्या फाल्गुनात चंद्रभान झटक्यात गेला. तेरवी आटोपेपर्यंत वांग्यांनी माना टाकल्या होत्या. लहानूने पहिल्यांदाच कासरा धरला, तर बैल हलेनात. त्याने चुचकारले, शेपट्या पिरगाळल्या, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. दोन्ही बैल कान टवकारून कुणाची तरी वाट पाहत उभे. तिसऱ्या दिवशी लहानूचे डोके फिरले आणि तो स्वतःवरच ओरडला, "हट, बयताडा!"

बैल निमूट उताराला लागले. मोट भरून वर आली.

तेव्हा कुठे लहानूला उमगले. इतकी वर्षे त्या शिवीमागोमागच बैल चालत आले होते; त्यांच्या लेखी तोच हुकूम होता. घराच्या ओट्यावर त्याची आई कुंताबाई हिने गडबडीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. "हा त त्यायचाच आवाज व्हय रे, लहानू," ती पुटपुटली.

मग ते रोजचेच झाले. सकाळी लहानूच्या गळ्यातून बाप ओरडे, बैल चालत, वाडी हिरवी होई. वाडी आपली झाली असे लहानूला एक दिवसही वाटले नाही. बायको म्हणे, हे बैल विकून दुसरे घ्या. पण ते बापाला बाजारात उभे केल्यासारखे वाटे. एवढेच त्याने मनाशी पक्के केले होते, की हा शब्द आपल्या तोंडून पोराच्या, कवडूच्या कानावर पडू द्यायचा नाही. सात वर्षांचे ते पोर झोपेतून उठायच्या आत तो मोट सुरू करी.

एके सकाळी कवडूच आधी विहिरीवर येऊन बसला.

"बाबा, मी हाकू?"

लहानूने आनंदाने कासरा त्याच्या हाती दिला, स्वतःही टोक धरले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बैल जागचे हलले नाहीत. पोर गोंजारून पाहत होते, ऊन चढत होते, तो शब्द लहानूच्या जिभेवर येऊन बसला होता. त्याने तो गिळला.

कवडू वर पाहून हसला.

"काऊन भेता, बाबा? मले मालूम हाय हे कसे चालते. रोज घरून आयकू येते."

आणि छाती फुगवून, हुबेहूब आज्याच्या आवाजात तो ओरडला, "हट, बयताडा!"

बैल चालू लागले. लहानूने कासरा सोडला आणि मुकाट्याने बाजूला झाला.