टाकीतले पांढरे कुलंट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — पत्नीजवळही नाही. तुम्हाला सांगायला बसलो, तरी आधी कारखान्याविषयीच बोलावेसे वाटते. स्वतःविषयी बोलणे तेवढेच लांबते, नाही का?

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत माझे लेथ मशीनचे छोटे वर्कशॉप आहे. लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर कुलंटची धार सोडतात. खनिज तेलाचे कुलंट बंद करून आम्ही करडईच्या तेलापासून बनवलेले घेऊ लागलो, तेव्हा मी दारावर तशी पाटी लावली. कारागिरांना सांगितले, हे निर्धोक आहे, हातमोजे नसले तरी चालेल. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? घरी त्याच तेलाची फोडणी पडते.

उन्हाळ्यात ते टाक्यांत नासले, वास मारू लागले. टाक्या धुऊन भरायच्या तर पाणी हवे, आणि पाणी टँकरचे. एका सुटीच्या दिवशी, कुणी नसताना, मी त्यांत जुने खनिज तेल ओतले. वास मरावा म्हणून जंतुनाशकही — अंदाजाने, भरपूर. पाण्यात मिसळल्यावर दोन्ही कुलंटे दुधासारखीच पांढरी दिसतात. पाटी तशीच राहिली.

आधी मिलिंदचे हात फुटले. तो भोकरचा, माझा सर्वांत जुना कारागीर. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, मग त्या चिघळल्या. डॉक्टरांकडे त्याला मीच नेले — चांगुलपणा म्हणून सांगत नाही, पुढचे ऐका. त्यांनी विचारले, हात दिवसभर कशात असतात? मिलिंदने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "करडईचं तेल, डॉक्टर." त्यांनी खरजेचे मलम लिहून दिले.

खरूज म्हटल्यावर वर्कशॉपमध्ये कुजबुज सुरू झाली. आणखी दोघांच्या बोटांना खाज सुटली, तेव्हा फिटर बाबूराव म्हणाले, "मिल्याची लागण हाय ही. त्याचा कप अलग ठेवा." कप खिडकीत गेला.

मिलिंद हसला. "माझ्या आज्याचा बी अलगच व्हता, बाबूराव. तुम्ही नवीन काय करून राहिले?"

सगळे हसले. मीही हसलो का? — हो, हसलो.

एक वाक्य पुरेसे होते. ते माझ्या तोंडात होते, आणि मी चहा पीत राहिलो. मला कशाची भीती होती? त्या पाटीची? माझ्या नावाची? आज नेमके सांगता येत नाही. सांगता आले तरी त्याने काय बदलणार?

"साहेब, माझ्यामुळं बाकीच्यायला तरास नको," असे म्हणून तो आपणहून गेला. दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपने त्याला घेतले नाही. खरजेची बातमी त्याच्या आधी पोचली होती.

तो गेल्यावर मी घाबरून टाक्या रिकाम्या केल्या, धुतल्या, चांगले कुलंट भरले. हळूहळू सगळ्यांचे हात बरे झाले.

"बघा साहेब," बाबूराव म्हणाले, "मिल्या गेला आन् लागण बी गेली."

मी मान डोलावली.