अर्धी राहिलेली गोधडी

उजव्या दंडाचं हाड मोडलं तेव्हा नातवाची गोधडी अर्धीच झाली होती. आम्ही गोधडी कडेपासून शिवत मध्याकडे नेतो. त्यामुळे कडा पक्क्या होत्या आणि मधलं कापड कच्च्या टाक्यांवर होतं.

प्लास्टर निघालं, पण हाड पुरतं जुळलं नव्हतं. सुई धरली की हात थरथरायचा. जळगावचे डॉक्टर दर वेळी "अजून थोडं थांबा" म्हणायचे. मी गोधडी दिवसातून अनेकदा उलगडायची आणि परत घडी घालायची.

पारोळ्याकडची धाकटी जाऊ ते पाहून म्हणाली, "अक्का, द्या माले, मी शिवी देस. तुम्हना हात बरा व्हस तवलोंग पोऱ्या शाळामा जाई."

तिने शिवून द्यायला मी नको म्हटलं. तिचे टाके फार बारीक असतात, मधे वेगळे दिसले असते. नातवाला पहिली गोधडी पूर्ण माझ्या हातची मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

बाळंतपण आटोपून लेक देवपूरला सासरी निघायची वेळ आली. आदल्या दिवशी तिने गोधडी तशीच पिशवीत भरली. मधले टाके उसवतील, असं मी सांगितलं.

"उसवू दे. थंडी त्याला आत्ता वाजते, आई."

मी गोधडी पिशवीतून काढून जावेपुढे ठेवली. ती शिवत असताना मी डाव्या हाताने कापड ताणून धरलं. टाका थोडा मोठा घे, असं तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही.