मोठ्या आईचा तळवा

आमच्या घराण्यात नर्स झालेला पहिला पुरुष मी, आणि बहुतेक शेवटचाही. कुरुळीतली आमची जमीन कंपन्यांत गेली तेव्हा चुलतभावांपैकी कोणी टेम्पो घेतले, कोणी लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलं, कोणी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. मला यातलं काही धड जमण्यासारखं नव्हतं. आजारी माणसापाशी बसायचा मात्र मला कधी कंटाळा आला नाही, म्हणून मी नर्सिंगला गेलो. हॉस्पिटलात आम्हाला ब्रदर म्हणतात. घरी बरेच दिवस कोणी काहीच म्हणत नसे. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा मेडिकल लाइनला आहे' एवढं सांगून विषय बदलायचे. थोरला चुलतभाऊ तेवढा चारचौघांत हाक मारायचा, "काय राव, आज किती जनांना टोचलं?" मी म्हणायचो, "तुझा नंबर आला की कळवतो." त्याचा नंबर चाळिशीतच आला. आता तो गुपचूप माझ्याकडूनच शुगर तपासून घेतो आणि वर मलाच विचारतो, मशीन बरोबर आहे ना?

गावात ही शुगर नेमकी कधी शिरली ते कोणाला सांगता येणार नाही. शेत गेलं तसं शेतातलं कामही गेलं, पण ताटातल्या भाकऱ्या काही कमी झाल्या नाहीत. बंगल्यातून चौकात चहा प्यायला जायचं तर बुलेट काढतात. आमच्या खोल्यांत भाड्याने राहणारी मराठवाड्यातली पोरं, तिशीही न ओलांडलेली, आठवड्याआठवड्याला शिफ्ट बदलून, मिळेल तेव्हा वडापाव खाऊन बीपी घेऊन बसलीत. मालक बसून आजारी आणि भाडेकरू राबून आजारी, असं आमचं गाव आहे. मला याचा राग येतो, पण रागाने कोणाची शुगर उतरत नाही.

काही वर्षं मी चिंचवडच्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डात काढली. आता तिथल्याच नर्सेसची, घरी जाऊन सेवा देणारी टीम मी सांभाळतो. आमचं बरंचसं काम पिंपळे सौदागरच्या मोठमोठ्या सोसायट्यांत. आईवडील अकराव्या मजल्यावर, मुलं परदेशात, दाराला कॅमेरा. लघवीची नळी बदलायची, जखम पुसायची, इन्सुलिन द्यायचं, आणि निघताना "बसा की पाच मिनिटं" म्हटलं की बसायचं. ही पाच मिनिटं कुठल्याच बिलात धरत नाहीत, पण खरी ड्यूटी बऱ्याचदा तीच असते.

कामाला तोटा नाही, माणसांना आहे. आमच्या सिस्टर एकेक करून जर्मनीला निघाल्या आहेत. डब्याच्या वेळी एक पोळीभाजी खाता खाता जर्मन क्रियापदं पाठ करते आणि दुसरी तिची उजळणी घेते. मी त्यांना नावं ठेवत नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनाही कोणीतरी हवंच आहे आणि पगार इकडच्यापेक्षा बरा. पण एक पोरगी गेली की माझं आठवड्याचं वेळापत्रक कोसळतं, आणि मी नवरात्राच्या सुमाराला हमखास चिडचिडा होतो, कारण निम्म्या जणींना सुट्ट्याही तेव्हाच हव्या असतात.

आता मोठ्या आईबद्दल. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, त्या टोचून बोलणाऱ्या चुलतभावाची आई. माझी आई शेतात असायची तेव्हा घरातल्या सगळ्या पोरांना एका परातीत कालवून हीच भरवायची. थोरले चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात शब्द तिचाच. लग्न होऊन आल्यापासून ती नवरात्रात नऊ दिवस पायांत चप्पल घालत नाही. पहाटे टेकडीवरच्या देवीला अनवाणी जायचं आणि दिवसभर सगळीकडे तसंच फिरायचं.

आमच्याकडे हे नवस नुसत्या म्हाताऱ्या करत नाहीत. कारखान्यातली पोरंही करतात. आत मशीनवर सेफ्टी शूज सक्तीचे, म्हणून गेटपर्यंत अनवाणी यायचं, तिथे पिशवीतून बूट काढून चढवायचे आणि सुटी झाली की पुन्हा पिशवीत. देवीही सांभाळली आणि सेफ्टी ऑफिसरही.

पण मोठ्या आईची गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर असं तापतं की दुपारी बाया सावली बघून उड्या मारत चालायच्या. मोठी आई मधोमध संथ चालायची. गेली काही वर्षं सगळ्या गावात तिची ख्याती झाली होती. "मोठ्या आईला चटका सुदिक बसत न्हाई बघा, या वयात!" देवळातून आली की गल्लीतल्या बाया तिच्या पायांवर पाणी घालायच्या, हळदकुंकू लावायच्या. ती फार बोलायची नाही. "माझं काय हाय त्यात? ती सांभाळती," एवढंच म्हणायची, पण चेहरा खुललेला असायचा. शुगर तिला होतीच. गोळी आठवेल तेव्हा घ्यायची, आणि नवरात्रात उपास म्हणून अजिबात नाही.

त्या वर्षी दसरा झाला आणि चार-सहा दिवसांनी थोरल्याचा फोन आला. सुनेला पांढऱ्या फरशीवर डाग दिसले होते. "पायाला काहीतरी लागलंय आईच्या. दुखत न्हाई म्हणती. तुझी एखादी सिस्टर धाड ना."

धाडायला सिस्टर कुठे होती? दोघी विमानात बसून गेलेल्या, एक बाळंतपणाच्या रजेवर, उरलेल्या सोसायट्यांतल्या आजीआजोबांकडे अडकलेल्या. शहरभर नर्स पुरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी पाठवायला नर्स मिळेना. शेवटी मीच बॅग उचलली.

मोठी आई सोफ्यावर बसली होती. मला बघून आधी तिने चहा टाकायला सांगितला आणि बॅग बघून लुगडं घोट्याखाली ओढलं. "तू कशाला आला? पोरगी न्हाई का कुनी?"

"पोरी संपल्या. मीच उरलोय."

"न्हाई बाबा. तू घरचा पोरगा. पाया पड हवं तर, पाय धरून बसू नगंस. लोक काय म्हनतील?"

मी वाकून नमस्कार केला. आमच्यात नमस्कार पावलाला वरून होतो. बोटं टेकवायची आणि हात कपाळाला लावायचा. दर दसऱ्याला सोनं देताना सगळं घराणं तिच्या पायाला लागतं. तळवा कोणी बघत नाही. वाकल्यावर मला वास आला आणि तो वास मी ओळखतो. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी कामाला लागतो.

"जखमेला हात लावत नाही," मी म्हणालो. "एक तपासणी करू. त्याला लाज वाटायचं काही नाही." माझ्याकडे छोट्या दांड्याला लावलेला नायलॉनचा जाड धागा असतो. तो कातडीला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. ज्याला स्पर्श कळतो त्याला तो कळतोच. आधी तिच्या हाताला टेकवला. "कळलं?" "न कळायला काय झालं?" मग तिला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणालो, पायाला कळलं की 'हो' म्हण.

ती डोळे मिटून बसली. सून चहा घेऊन दारात उभी राहिली. मी अंगठा, बोटांखालची गादी, मधला भाग, टाच, सगळीकडे धागा टेकवला. दुसऱ्या पायालाही टेकवला.

"आरं, सुरू कर की," मोठी आई म्हणाली. "कवा टेकवनार?"

"झालं टेकवून."

तिने डोळे उघडले. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, माझ्यासमोर लाव. मी लावला. धागा तळव्यावर दाबून वाकलेला तिने बघितला, मान पुढे काढून नीट बघितला. "वाकला की," ती हळूच म्हणाली.  मग तिने लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि जखमेचा पाय माझ्याकडे केला.

शुगरने तळव्यांची जाणीव कधीच गेली होती, आणि डाव्या अंगठ्याच्या खाली भोक पडलं होतं. चिमट्याने साफ करताना आतून लेथवरचा लोखंडी कीस निघाला, स्प्रिंगसारखा वळलेला आणि अजून चकाकणारा. वर्कशॉपमधून भंगाराचे टेम्पो निघतात आणि हा कीस रस्ताभर सांडत जातो. पूर्वी टेकडीची वाट आमच्या ज्वारीतून जायची. आता ती शेडच्या रांगांमधून जाते. एव्हाना थोरला आत आला होता. त्याने तो तुकडा तळहातावर घेतला, उलटासुलटा केला आणि तो घेऊन बाहेर गेला. त्या रांगेतल्या तीन शेड त्याच्या आहेत.

जखम हाडापर्यंत गेली होती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म बघून सांगितलं की अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर पाऊल. घरात नेहमीप्रमाणे बैठक बसली. दिवाळी तोंडावर आलेली. एकाच्या ओळखीचा कोणीतरी वैद्य होता, दुसऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायचं होतं, आणि सगळ्यांचं एकमत होतं ते 'दिवाळी होऊन जाऊ द्या' यावर. मी त्या बैठकीत ओरडलो. घरात मी कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. "दिवाळीनंतर बघायला पाऊल राहायचं नाही," मी म्हणालो. "मी रोज बघतो हे. तुमच्यासारखीच माणसं असतात, असंच बोलत असतात."

आतल्या खोलीतून मोठी आई काठी टेकत आली. "चल," मला म्हणाली. बाकी कोणाकडे तिने बघितलंही नाही.

अंगठा गेला, पाऊल वाचलं. पुढे कितीतरी आठवडे मी ड्रेसिंगला जात होतो. सकाळी कुरुळी, मग पिंपळे सौदागर, त्या ट्रॅफिकला शिव्या देत. पहिले काही दिवस ती तोंड फिरवून बसायची. मग हळूहळू सवय झाली. मी पट्टी सोडायचो आणि ती सुनांच्या तक्रारी सांगायची. कोणत्या भाडेकरूला मुलगी झाली, कोणत्या पोराची नोकरी सुटली, सगळं मला तिथेच कळायचं. गोळ्या वेळेवर घेऊ लागली. साखर मात्र ती चहात चोरून टाकायची आणि मी रिपोर्ट दाखवला की "लॅबवाल्याचं चुकलं आसंल" म्हणायची. देवीचं नाव तिने काढलं नाही. सांजवात लावायची, हात जोडायची, पण पूर्वीसारखं देवीशी मोठ्यानं बोलणं बंद झालं होतं. मला ते दिसत होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

पुढच्या वर्षी घटस्थापनेला मी मुद्दाम सकाळी गेलो. मनात धाकधूक होती. ही बाई हट्टाला पेटली तर कोणाला ऐकणारी नाही. ती ओट्यावर बसली होती, पायात खास शिवून घेतलेली मऊ चप्पल. बाया टेकडीवरून परतत होत्या, अनवाणी. एकीने विचारलं, "मोठ्या आई, यंदा न्हाई व्हय?"

"न्हाई. मला कळतच नव्हतं गं पायाला," ती सरळ म्हणाली. "तुमच्यात जिला चटका बसत न्हाई तिनं आधी ह्या पोराला पाय दाखवावा."

दोघीचौघी हसल्या, एकदोघी लाजून निघून गेल्या. पण तीन जणी थांबल्या. मी ओट्याच्या पायरीवर बसून त्यांचे तळवे तपासले. त्यांतल्या एकीला दोन्ही पायांना काहीच कळत नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात यायला सांगितलं.

त्या गेल्यावर मोठ्या आईने पाय जरा पुढे पसरले. मग म्हणाली, "बोट गेलं त्येचं काय न्हाई रे."

मी धागा बॅगेत टाकला आणि तिच्याकडे वळलो.

"इतकी वर्सं मला वाटायचं, ती माज्याकडं बघती. बाकीच्या उड्या मारायच्या आन् मला काय बी व्हयाचं न्हाई. म्हनलं, समद्या गावात मी तिची लाडकी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तवा कुनीच बघत नव्हतं."

 घरच्या कोणीही असतं तर म्हणालं असतं, अगं, देवीनंच याला धाडलं. ते वाक्य माझ्याही तोंडाशी आलं होतं. पण जखम वरून शिवून टाकली की आत काय होतं ते मला माहीत आहे. तिचं जे गेलं होतं ते अंगठ्यापेक्षा मोठं होतं आणि ते माझ्याच धाग्याने गेलं होतं. ते परत देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"मी बघतो ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, खरं बोलतोय का ते पारखत असल्यासारखं. मग स्वतःच वाकून उजव्या पायातली चप्पल काढली, रस्त्यावरून माणसं जात असताना तो पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बघ मग."

मी चष्मा लावला आणि टाचेपासून सुरुवात केली.