दोन बोळकी

माझ्या व्याह्यांइतका सरळ माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि सरळ माणसाइतका त्रासदायक माणूस जगात दुसरा नसतो. डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली भांडी विकण्यापासून मी सुरुवात केली आणि शहरात गुलमंडीजवळ स्वतःचं दुकान थाटलं, ते केवळ घासाघिशीच्या जोरावर. पण घासाघीस करायला समोरच्यानं आधी नकार द्यावा लागतो. लासूर स्टेशनच्या या शेतकऱ्याला तो देताच येत नाही. लग्न शहरात करू म्हणालो, तर म्हणाले, "व्हय." वऱ्हाड कमी आणा म्हणालो, तर "व्हय." आठ दिवस घोकून ठेवलेली माझी भांडणं तशीच परत घरी न्यावी लागली. पुढं लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली, तेव्हा मी मुद्दाम अवाच्या सवा मागणी केली : पहिला दात येईपर्यंत मायलेकी इथंच राहतील. मला वाटलं, ते तीन महिने म्हणतील, मी सात म्हणेन, पाचावर तुटेल. ते म्हणाले, "व्हय, राहू द्या की इवाई." आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. मी जिंकलो होतो, आणि तरी आपल्याला कोणीतरी गंडवलंय अशी रुखरुख त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसली.

व्याह्यांच्या तोंडात एकही दात नाही. मुलानं हौसेनं करून दिलेली कवळी ते खिशात बाळगतात आणि लग्नकार्यात फोटोपुरती लावतात. नात सहा महिन्यांची झाली, तिच्या हिरड्या सुजल्या, लाळेनं झबली भिजू लागली आणि तिच्या रडण्यानं आमची माडी दणाणली, तेव्हा पुढच्या गुरुवारी हे गृहस्थ पॅसेंजरनं हजर झाले. रानातली ओल बघावी तसं त्यांनी नातीच्या बोळक्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आमचं दोघांचं दुखणं एकच हाय. माझं दात जाऊन ठणकतंय, तिचं येऊन." तेव्हापासून दर गुरुवारी ते यायचे आणि कुठलाही उपाय त्यांच्या स्वतःच्या हिरड्यांवर उत्तीर्ण झाल्याशिवाय नातीपर्यंत पोहोचायचा नाही. प्रत्येक वस्तू दोन नग. एक परीक्षेचा, एक नातीचा. माझ्या बायकोनं खारीक दोऱ्याला बांधून आणली. व्याही ती तासभर डोळे मिटून चघळत बसले आणि म्हणाले, "नापास. तुकडा सुटतोय. लेकराच्या घशात गेला म्हंजे?" ज्येष्ठमधाची काडी रेशे निघतात म्हणून नापास. मधाचं बोट डॉक्टरीणबाईंनी वर्षाच्या आत नको म्हटलं होतं, म्हणून परीक्षेला बसण्याआधीच नापास. शेवटी माठाच्या गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं तेवढं पहिल्या वर्गात आलं.

या फडक्याची परीक्षा मात्र त्यांनी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून घेतली. माडीवर उकडतं म्हणे. तोंडात फडक्याचा बोळा, हात मांडीवर, डोळे मिटलेले. सिल्लोडहून लग्नाची भांडी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाहून दबकलंच. हळूच मला म्हणालं, "शेठ, म्हाताऱ्याच्या तोंडात बोळा कशापायी कोंबलाय? उधारी थकली काय?" मी कशीबशी समजूत घातली, हंड्याचा भाव सांगितला, घासाघीस ऐन रंगात आली, तोच व्याह्यांनी फडकं काढलं आणि मायेनं म्हणाले, "इवाई, मागल्या गुरुवारी तर कमी सांगितला व्हता की!" ते गिऱ्हाईक गेलं. मी कपाळावर हात मारला. ते फडकं पुन्हा भिजवायला गेले.

पण खरा राग मला याचा नव्हता. मी घेतलं की नात किंचाळायची. त्यांनी धुतलेल्या बोटानं तिची हिरडी हळूहळू चोळली की गप्प व्हायची आणि लाळेचे फुगे काढायची. मी दुकानातला सगळ्यात चकचकीत चमचा दिला, तो तिनं माझ्याच कपाळावर हाणला. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस माती भुसभुशीत करतोय! हिरडी मऊ झाली की कोंब लवकर वर येणार, आणि दात दिसला की करार संपला, नात लासूरला. मी लेकीला बजावलं, "तुझ्या सासऱ्याला चोळू देऊ नकोस." ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही रडणं थांबवा." कोणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

एका मंगळवारी पेज भरवताना चमच्यातून 'टिक' असा आवाज आला. भांड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात! मी चमचा धुऊन ठेवला आणि तोंडातून ब्र काढला नाही. गुरुवारी व्याह्यांनी बोट घातलं. नातीनं करकचून चावा घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बोट पुसत ते म्हणाले, "कोरं रान हाय अजून." नांगर धरून बोट बधिर झालंय, मी मनात म्हणालो, आणि त्या दिवशी त्यांना आग्रहानं दुसऱ्यांदा शिरा वाढला. पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या गुरुवारी नात त्यांच्या कडेवर दुकानात आली आणि एका गिऱ्हाईक बाईंकडे बघून खदखदून हसली. "अगं बाई, दोन दात!" बाई ओरडल्या. मी काही बोलण्याआधी व्याहीच घाईनं म्हणाले, "दात कुठले? उन्हात भांडी चमकत्यात, तसं दिसतंय." बाई गेल्या. मी त्यांचं बोट धरून उजेडात पाहिलं. त्यावर दोन बारीक खळगे होते.

"कधीपासून माहीत आहे?"

"तुमच्या आधीच्या गुरुवारपासून," ते खाली बघत म्हणाले. "सूनबाईला बी म्या गप्प ऱ्हा म्हणलं."

"अहो, पण तुमचं घर..."

"माझ्या घराला सवय हाय इवाई. आमची मंडळी वारल्यापासून तिथं कुणी बोलतच नाय. तुमच्या घराला न्हाई व्हायची."

मी खूप चिडलो. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी असा उपकार केला नव्हता आणि तो फेडायचा कसा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, उद्याच घेऊन जा. ते म्हणाले, महिनाभर ठेवा. मी म्हणालो, ठरलं ते ठरलं, दोन दिवस. त्यांनी वीस सांगितले. दुकानातली माणसं बघत राहिली. शेवटी आठावर तुटलं.

आठव्या दिवशी स्टेशनवर गाडी सुटताना मी खिडकीबरोबर चालत होतो आणि फडकं किती पिळायचं, पाणी माठाचंच घ्यायचं, हे त्यांनाच शिकवत होतो. नातीला खिडकीशी उंच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडीनं वेग घेतला तसं डोकं बाहेर काढून ओरडले, "इवाई, दाढा बाकी हायत अजून!"

गाडी गेल्यावर बाकावर बसून मी हमालाला विचारलं, लेकराला दाढा कधी येतात. तो म्हणाला, वर्ष उलटल्यावर. मी म्हणालो, त्याआधी नाही का जमणार?